शेजारच्या सीटवरचा डाग

"आत्या, ह्या गाडीत कुणीतरी मेलंय."

सकाळी सकाळी फोन केला की माणूस आधी 'कशी आहेस, चहा झाला का' असं काहीतरी विचारतं. आपल्या भाचीला तेवढा दम निघत नाही हे आत्याला ठाऊक होतं. पण आजचा तिचा आवाज ऐकून आत्याच्या हातातला ब्रश सरळ बादलीत गेला.

"कोण मेलंय?"

"मला काय माहीत कोण! रक्त आहे. शेजारच्या सीटवर. हे एवढं. मी कव्हरं काढली आणि... तू ये ना गं."

"हात लावू नकोस. पाणी मारू नकोस. पुसायला तर अजिबात जाऊ नकोस. आणि बापाला कळू देऊ नकोस."

"बाबा खिडकीतच उभे आहेत."

"मग झालंच कल्याण," असं म्हणून आत्याने फोन ठेवला आणि कपाटातून पिशवी काढली.

ह्या पिशवीवर आत्याचं घर चालायचं. पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, मऊ ब्रश, साबणाचा फेस, स्पिरिटची बाटली, कापूस, आणि सगळ्यात तळाशी दात घासायचे जुने ब्रश. जुन्या गाड्यांच्या चामडी सीटवरचे डाग काढणं हा तिचा धंदा. कुणी शिकवला नव्हता. दहा सीट बिघडवून अकरावी सुधारत ती शिकली होती. तिचा एकच नियम होता: आधी ओळख, मग हात. डागाचं माणसासारखंच असतं, कोण कुठला ते न विचारता अंगाला हात लावलात तर तो कायमचा बिथरतो. रक्ताला गार पाणी लागतं, गरम लावलं की ते चामड्याला घट्ट धरून बसतं. तेल पसरतं पण त्याला काठ नसतो. कॉफी सुकताना आपल्याभोवती रिंगण आखून ठेवते. शाई तर असली लबाड, की वरून रंग फासला तरी कधी ना कधी खालून डोकं वर काढते.

पण आज स्कूटरवर बसताना तिला डागाची एवढी धास्ती नव्हती. तिला धास्ती होती ती भावाची.

तिचा थोरला भाऊ, दादा, वजनमापे खात्यात तपासनीस होता. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून त्याचा स्वभावही तराजूसारखाच झाला होता, फक्त हा तराजू कायम एकाच बाजूला झुकायचा. वहिनी गेल्यापासून त्या घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलीला सगळे ठमी म्हणत. ठमीचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आणि गेल्या वर्षी ती एक बॅग घेऊन बापाच्या घरी परत आली. दादाने काही विचारलं नाही. तिची खोली झाडून ठेवली, पलंगाचा करकरणारा पाय दुरुस्त केला. बोलून दाखवणं त्याच्या खात्यात बसत नव्हतं.

मग ठमीला लांबच्या गावी नोकरी लागली. आणि एक दिवस जेवताना तिने सांगितलं, मी गाडी घेतली, जुनी आहे पण चांगली आहे. दादाने घास खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वापरून टाकलेली वस्तू मी ह्या घरात येऊ देत नाही. दुसऱ्याचा घाम, दुसऱ्याची घाण."

तो गाडीबद्दल बोलत होता. आत्या त्या दिवशी तिथेच जेवत होती आणि तिला ते शंभर टक्के माहीत होतं. ठमीला ते नव्व्याण्णव टक्के माहीत होतं. उरलेल्या एका टक्क्याने गेला महिनाभर त्या घरात कुणाला धड झोपू दिलं नव्हतं.

ठमी आज दुपारी निघणार होती. आत्याने दोघांच्या मध्ये खेटे घालघालून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की दादा तिच्याबरोबर गाडीतून जाईल, तिचं घर लावून देईल आणि चार दिवस राहून परत येईल. त्यालाही त्याची अट होतीच. "सीटवर एक डाग जरी दिसला तरी मी आत पाय ठेवणार नाही. सांगून ठेव तुझ्या भाचीला." आणि भाची आत्याला एकटीला गाठून म्हणाली होती, "ते नाही आले ना, तर मीही परत येणार नाही. सणासुदीला नाही, आजारपणात नाही. तू मला भेटायला तिकडे ये."

ती रडून बोलली असती तर आत्याने मनावर घेतलं नसतं. पण ती भांडी पुसत, अगदी शांतपणे बोलली होती.

अंगणात पांढरी गाडी चारही दारं उघडून उभी होती. दातांच्या डॉक्टरसमोर पेशंट आ करून बसतो तशी. ठमी बाजूला दोन्ही हात काखेत घालून उभी. तिच्या पायाशी फुलाफुलांची कापडी कव्हरं पडली होती.

"आली का डागांची डॉक्टरीण?" खिडकीतून आवाज आला.

"आले. पेशंट कुठाय?"

"पेशंट कसला? प्रेत आहे ते. मी आधीच सांगत होतो."

"तू चष्मा लावलायस का?"

"मोतीबिंदू झाला म्हणून काय लाल रंगही दिसत नाही मला?"

आत्याने गाडीत डोकं घातलं.

सगळ्या सीट दुधासारख्या. आणि ड्रायव्हरशेजारच्या त्या एका सीटवर, माणूस नेमका जिथे बसतो तिथे, तांबूस-तपकिरी डाग. दोन तळहात शेजारी शेजारी ठेवावेत एवढा, आणि पुढच्या काठावरून खाली ओघळ गेल्यासारखी एक जीभ. आत्याने ह्याआधी गाड्यांतून काय काय पुसलं नव्हतं? बाळांच्या ओकाऱ्या, म्हाताऱ्यांचं मलम, एका नवरीची अख्खी लिपस्टिक. पण हा डाग त्यांतला नव्हता. असं एवढं, एका जागी, बसल्या बसल्या माणसाच्या अंगातून जातं तेव्हा...

"काय आहे?" ठमीने कुजबुजत विचारलं.

"चॉकलेट," आत्या म्हणाली.

"चॉकलेट?"

"उन्हात वितळलेलं. पोराने खाली ठेवलं आणि त्यावर बसलं. रोज बघते मी." हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की तिचं तिलाच अर्धंमुर्धं खरं वाटायला लागलं. "तू आत जाऊन चहा टाक."

"मी इथेच थांबते."

आत्याने पांढरं कापड बादलीतल्या गार पाण्यात पिळून डागावर ठेवलं. रक्त असेल तर तपकिरी उतरेल, चॉकलेट असेल तरी तपकिरीच, मग वासाने फरक कळेल. दोघीही त्या कापडाकडे निकाल लागायची वाट बघत बसल्या. थोड्या वेळाने आत्याने कापड उचललं.

पांढरं स्वच्छ.

तिने साबणाचा फेस लावला, ब्रश फिरवला, पुन्हा टिपलं. कापड पांढरंच. अंगणात आलेल्या पाहुण्याला घरच्यांनी ओळखच दाखवू नये तसं त्या डागाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय, चॉकलेट संपलं का?" खिडकी बोलली.

"दादा, तुला आत काही काम नाही का?"

"नाही. माझी बॅग भरून झालीय. रिकामी करायलाही वेळ लागणार नाही."

ठमीने ओठ घट्ट मिटले. आत्याने ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिला डाग गेला नाही असं झालं होतं, पण डाग ओळखूच आला नाही असं कधी झालं नव्हतं. ती गुडघे टेकून सीटवर वाकली, डोळे मिटले आणि डागाच्या काठावरून नख फिरवलं.

नख अडखळलं. पण उलटं अडखळलं.

डाग नेहमी वर असतो. सांडलेली वस्तू चामड्यावर बसते, तिचा थर हाताला लागतो. हा डाग खाली होता. दुधाळ भागावरून नख डागाकडे नेलं की ते पायरी उतरल्यासारखं टचकन खाली जात होतं.

"हे काय भलतंच," ती पुटपुटली. तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि डागाच्या बाहेर, जिथे सीट चांगली होती, तिथे अगदी हळू फिरवला.

कापूस दुधाळ झाला.

"आत्या! तू रंग काढलास!"

"मी नाही काढला, तो आला."

"चांगल्या जागेचा काढलास! आता तिथेही..." ठमीचा आवाज चिरकला. कारण कापूस फिरला होता तिथे आता तोच तांबूस-तपकिरी रंग दिसत होता. आत्याने घाबरून काठ दाबून बसवायला बघितलं, तर दुधावरची साय सुरीला चिकटून उठावी तसा एक पापुद्रा तिच्या बोटाबरोबर उठला. तिने तो सोडायला हवा होता. पण पापुद्रा दिसला की ओढणाऱ्यांतला तिचा जन्म. तिने ओढला. हातभर लांब पट्टी निघाली, आणि मागे डाग हातभर वाढला.

ठमी किंचाळली. खिडकीतलं डोकंही बाहेर आलं.

"काय झालं? खरंच काही निघालं का?"

आत्याच्या हातात ती दुधाळ पट्टी लोंबत होती. तिने पट्टीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात हळूहळू, जुनं दार ढकलावं तसा उजेड शिरला.

"ठमे, हा डाग नाहीये."

"मग?"

"हीच खरी सीट आहे. बाकीचं सगळं डाग आहे."

ठमीने पट्टी उलटून मागची बाजू पाहिली.

"अगं, सीट मुळातच तपकिरी. कुणीतरी वरून दुधाळ रंग मारलाय. सगळ्या सीटना. इथला तेवढा रंग सुटला आणि खालचं चामडं उघडं पडलं. रक्त नाही, चॉकलेट नाही. कुणी मेलं नाही, कुणी खाल्लं नाही."

"म्हणजे त्याने मला फसवलं? तो म्हणाला, एका म्हाताऱ्याची गाडी आहे, फार जपून वापरलेली. कव्हरं काढू नका, नाहीतर सीट खराब होतील म्हणाला!"

"काळजीवाहू माणूस."

"मागच्या सीटला कव्हर नव्हतं. तीच बघितली मी." ठमी गाडीच्या दारात बसली. राग येऊ पाहत होता, पण आधी हसावं की रडावं तेच तिला कळेना. "खरं सांगू? मी बाकी काही बघितलंच नाही. आत बसले आणि एकदम झोप यायला लागली. म्हटलं, हीच घेऊ. इंजिनसुद्धा नंतर चालू करून बघितलं. असं कुणी गाडी घेतं का?"

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला दुसराच किडा चावला होता. बाकी सगळीकडे रंग घट्ट, मग इथेच का सुटावा? रंग धरत नाही तो एकाच गोष्टीवर. मेणावर. तिने तळहात त्या तपकिरी जागेवर दाबून धरला, चामडं गरम होईपर्यंत, आणि मग नाक जवळ नेलं.

"बूटपॉलिश!" ती किंचाळली. "बूटपॉलिशचा वास येतोय! कुठल्या गाढवाने सीटला बूटपॉलिश..."

आणि ती गप्प झाली.

कारण सीटला बूटपॉलिश लावणारं एक गाढव तिच्या चांगलंच परिचयाचं होतं.

ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की तिचे काठ झिजले होते. दादाची पहिली गाडी. हिरवी. आत तपकिरी चामड्याच्या सीट, ज्यांच्यावर बसताना दादा आधी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचा. ठमी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि बॉलपेन दिसलं की मांजर काढायची. भिंतीवर, हिशोबाच्या कागदांवर, एकदा झोपलेल्या आजोबांच्या पायावर. एके दुपारी तिने ते दादाच्या गाडीच्या सीटवर काढलं. दादा घरात झोपला होता, संध्याकाळी त्याचा सत्कार होता, प्रामाणिक तपासनीस म्हणून. भाचीला मार बसू नये म्हणून आत्याने नखांचं पॉलिश काढायचं औषध आणलं आणि घासलं. निम्मं मांजर गेलं, त्याबरोबर चामड्याची सगळी तकाकीही गेली. मग आत्याने, आता जे होईल ते होवो म्हणून, त्यावर डबीभर तपकिरी बूटपॉलिश थापलं. चकाकलं असं, की तिला स्वतःचा अभिमान वाटला. संध्याकाळी ऑफिसचा ड्रायव्हर गाडी चालवायला आला, दादा ऐटीत शेजारी बसला, पांढरीशुभ्र पँट घालून. आणि स्टेजवर जाऊन, मानचिन्ह घेऊन, साहेबांसमोर नम्रपणे वाकला. पाठ सभागृहाकडे होती.

आत्याने डाग शिकायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून.

"आत्या? काय झालं? पांढरीफटक पडलीस तू."

"थांब. काही बोलू नकोस."

जगात सीटला बूटपॉलिश लावणारी ती एकटीच थोडी होती? ही गाडी पांढरी, ती हिरवी. हिची नंबरप्लेट वेगळी, परराज्यातली, स्टिअरिंगवर कसलंसं गुबगुबीत कव्हर. तसल्या गाड्या तेव्हा रस्तोरस्ती दिसत. असं स्वतःला बजावत ती पापुद्रा ओढत राहिली. आता कडेच्या शिवणीकडे, पाठीकडे. घाईत पट्ट्या वेड्यावाकड्या निघत होत्या.

शिवणीपाशी आधी एक जांभळट ढग दिसला. पुसून पसरलेली शाई. आणि त्या ढगातून बाहेर पडून, शिवणीच्या कडेकडेने, एक रेघ वर गेली होती. रेघ शेवटी वळली होती. आणि वळणाच्या टोकाला एक बो बांधला होता.

मांजराच्या गळ्यात बो कुणीही काढतं. शेपटीला बो बांधणारी मुलगी आत्याने आयुष्यात एकच पाहिली होती. अजूनही फोनवर बोलता बोलता ती हातातल्या कागदावर तेच काढायची.

ती मागे सरकली आणि धपकन बसली ती थेट बादलीवर. बादली भरलेली होती. ती तशीच बसून राहिली.

ठमीने वाकून पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं. बोट पुढे केलं, पण शेपटीला लावलं नाही, हवेतच तिच्यावरून फिरवलं, खालून वर, वळण, बो. बोटाला ते पाठ होतं.

"आत्या," ती म्हणाली.

खिडकीला राहवेना. "आता का गप्प झालात? अहो बायांनो! मेलंय का खरंच कुणी?"

आत्या भिजल्या साडीने पाणी ठिबकवत घरात गेली. दादा खिडकीपासून वळला. तो प्रवासाचे कपडे घालून तयार होता, चांगली गडद निळी पँट, इस्त्रीचा शर्ट. यायचं नव्हतं म्हणे.

"तू भिजलीस कशी?"

"दादा, तुझी हिरवी गाडी कुणाला विकली होतीस?"

"एका औषधवाल्याला. त्याने पुढे कुणाला दिली देव जाणे. का?" मग त्याचा चेहरा खुलला. ती गाडी निघाली की तो नेहमीच खुलायचा. "आज काय सुचलं तुला? माझ्या पँटची आठवण आली की काय? अजून लोक विचारतात मला..."

"मांजर बाहेर आलंय, दादा."

"कुठलं मांजर?"

"शेपटीला बो असलेलं. बाहेरच्या गाडीत. रंगाखाली."

दादाने तिच्याकडे पाहिलं. वजनात फरक सापडला की दुकानदाराकडे बघायचा तसं. मग तो चपला न घालताच बाहेर गेला.

गाडीपाशी त्याने आधी चष्मा पुसला. मग डोळ्याने जमेना म्हणून बोटांनी चाचपलं. शेपटीवरून त्याचं बोट दोनदा गेलं. ठमी बाजूला सरकून उभी होती.

"जगात काय एकच मुलगी मांजरं काढते?" तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "पुरावा लागतो. असं वाटतं म्हणून चालत नाही."

मग तो गुडघ्यावर बसला आणि न बघता त्याने सीटखाली हात घातला.

"ती सीट जाम आहे बाबा," ठमी म्हणाली. "मागेपुढे होतच नाही. विकणाऱ्याने सांगितलंय. कुणालाच जमलं नाही म्हणे."

"जमणार कसं? मी सरकारी वजनांची पेटी इथे ठेवायचो. पितळेची वजनं. पेटीने दांडी वाकली." तो सीटखाली बघत नव्हता, समोर कुठेतरी बघत होता. "ही सरळ ओढायची नसते. आधी आत ढकलायची, मग..."

खट्.

सीट सुळकन मागे गेली, लोण्यातून सुरी जावी तशी.

दादाचा हात सीटखालीच राहिला होता. त्याचा चेहरा असा झाला होता की आत्याला वाटलं, ह्याला आधी पाणी द्यावं. एवढ्या मोठ्या जगात, एवढ्या गाड्यांत, एवढे हात बदलून, दोनदा रंग फासून घेऊन, ती गाडी त्याच अंगणात येऊन उभी राहिली होती. आणि तो महिनाभर खिडकीतून तिला शिव्या देत होता.

"एका म्हाताऱ्याने जपून वापरलेली," ठमी हळूच म्हणाली.

"म्हातारा?" दादा खेकसला. "मी तेव्हा चाळिशीतही नव्हतो!"

"आणि बाबा, तो दुसऱ्याचा घाम म्हणालात ना. तो तुमचाच आहे."

आत्याला हसू फुटणार होतं, ते तिने दाबलं, कारण ठमी हसत नव्हती. ती बापाकडे सरळ बघत उभी होती. तो एक टक्का अजून तिच्या डोळ्यांत होता.

दादाने हात बाहेर काढला. तळहाताला ग्रीस लागलं होतं.

"त्या दिवशी जेवताना," तो म्हणाला आणि थांबला. "मी गाडीबद्दल बोललो होतो."

"माहितीये."

"नाही, ऐक. गाडीबद्दलच बोललो. पण तू समोर बसली होतीस. तुझ्याकडे बघून ते तोंडातून बाहेर पडलं. आणि पडल्यावर मला कळलं. कळूनही मी गप्प बसलो, वर अटी घातल्या." त्याने ग्रीसचा हात शर्टाला पुसला. इस्त्रीच्या शर्टाला. "तू परत आलीस त्या दिवशी मी तुझ्या पलंगाचा पाय दुरुस्त केला. मला वाटलं, त्यात सगळं आलं. नाही आलं. तू परत आलीस, मला फार बरं वाटलं होतं. हे सांगायला हवं होतं."

ठमीने मान फिरवली आणि उगीचच आरसा नीट करायला लागली.

"ही विकलीत कशाला मग?" ती आरशाला म्हणाली.

"ऑफिसची गाडी मिळाली. दारात दोन दोन कशाला म्हणून..."

"मी रडले होते का?"

"तू नाही," आत्या मध्येच म्हणाली. "तू शेंबूड पुसत टाटा केलास तिला. रडला तो हा. मोरीत जाऊन, नळ सोडून. आम्हाला वाटलं अंघोळ करतोय. बाहेर आला तर कोरडा!"

"तू गप्प बस. तुझी साडी बघ आधी," दादा म्हणाला.

निघायची वेळ होत आली. आत्याने सीटकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अर्धी सीट तपकिरी, अर्धी दुधाळ, मध्ये पापुद्र्यांच्या चिंध्या, आणि स्पिरिटने भिजलेला रंग कडेला लापशीसारखा मऊ झालेला. आयुष्यात इतकं घाणेरडं काम तिने कुणाच्या हवाली केलं नव्हतं.

"बाबा, मागे बसा," ठमी म्हणाली. "मागची चांगली आहे."

"मागची रंगवलेली आहे," दादा म्हणाला, आणि आपली बॅग डिकीत ठेवून पुढच्या दाराशी आला.

"थांब, पेपर घालते. ओलं आहे ते!" आत्या घरात धावली. "दादा, बसू नकोस! रंग लागेल! अरे..."

ती पेपर घेऊन बाहेर येईपर्यंत तो बसला होता. नुसता बसला नव्हता, मागे रेलून, पाय लांब करून, सीट आपल्याला हवी तेवढी मागे घेऊन बसला होता. त्याचा हात शिवणीपाशी, मांजराच्या शेपटीजवळ होता.

"ओलं आहे म्हणाले ना!"

"समजलं मला," तो म्हणाला. "चल गं, ठमे. पहिला गिअर जरा हळू टाक, तिला तेव्हाही आवडायचं नाही."

गाडी फाटकाबाहेर जाऊन थांबली, मागोमाग आत्याही रस्त्यावर आली. फाटक लावायला कोण, म्हणून दादाच उतरला. पाठमोरा उभा राहून त्याने कडी अडकवली, ती नीट बसली का ते दोनदा हलवून पाहिलं. त्याच्या गडद निळ्या पँटवर, बुडावर, बरोब्बर मधोमध, दुधाळ रंगाचे दोन गोल उमटले होते. ताटाएवढे.

आत्याने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर गाडीच्या बाजूच्या आरशाकडे गेली. आरशात ठमीचा चेहरा होता. तिलाही दिसलं होतं. तिचे गाल फुगले होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ती आरशातून आत्याला जिवाच्या आकांताने मान हलवून सांगत होती: नको, नको, सांगू नकोस.

आत्याने तोंड मिटलं.

"काय गं?" दादाने वळून विचारलं. "काही म्हणालीस?"

"नाही. जपून जा म्हटलं. आणि तिकडे तिच्या नव्या शेजाऱ्यांशी जरा नम्रपणे वाग. वाकून नमस्कार कर सगळ्यांना."